दुसरा मालक

जळगावात जुन्या सोन्याला कुणी जुनं म्हणत नाही. बांगडी वीस वर्षं हातात राहिली तरी सराफ ती वजनावर घेतो, घट कापतो, मजुरी गेली म्हणून सांगतो आणि उरलेल्याचे आजच्या भावाने पैसे देतो. या हिशेबात वाढलेल्या माणसाला चाळीस लाखांची जर्मन गाडी दहा वर्षांनी सात लाखांत मिळताना दिसली की त्याला वाटतं, तेहेतीस लाख ही मजुरी होती, ती पहिल्या मालकाने भरली, आता आपल्या हाती शुद्ध माल येतोय. खानदेशात एमएच-१८ आणि एमएच-१९ च्या पाट्या लावून फिरणाऱ्या कितीतरी आलिशान गाड्या अशाच हिशेबाने आलेल्या आहेत. या हिशेबात नेमकी खोट कुठे आहे, ते मला माझ्या मावसभावाच्या गाडीने दाखवलं.

मावसभाऊ रावेर तालुक्यातला. घरची केळी. लहानपणी आम्ही दोघं शेताच्या बांधावरून रस्त्याकडे बघत बसायचो. त्या काळी आमच्याकडे गाडी म्हणजे कमांडर जीप, नाहीतर माणसं टपावर बसवून नेणारी कालीपिली. एखादी लांब, काळी, आवाज न करणारी गाडी बऱ्हाणपूरच्या दिशेने निघून गेली की संध्याकाळपर्यंत तिच्याबद्दल बोलणं चालायचं. मोठेपणी एका वर्षी केळीला चांगला भाव मिळाला आणि त्याने मुंबईच्या एका डॉक्टरांची दहा वर्षं वापरलेली जर्मन डिझेल सेदान घेतली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आतून तपकिरी चामड्याची आसनं. मावशीने तिच्यावरून नारळ ओवाळला, बोनटवर हळदीकुंकू लावलं. गावातली निम्मी पोरं त्या दिवशी मागच्या सीटवर बसून गेली. त्या आनंदात खोटं काहीच नव्हतं. ज्याने चाळीस वर्षं धुळीत आणि गाळात काढली, त्याला शंभरच्या वेगाला गाडी जमिनीला चिकटून कशी पळते हे एकदा स्वतः चालवून बघावंसं वाटलं, तर त्याला मी नावं ठेवणार नाही.

अशा गाड्या आपल्या भागात येतात कुठून? थोडं मागे जावं लागेल. मर्सिडीझ १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळायला लागली. २००१ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला आणि पुढे तिथेच ऑडीही जुळू लागल्या. मग ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक, व्यापारी, डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीझ घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. स्टेट बँकेने त्यासाठी ७ टक्के व्याजाने कर्ज दिलं. देशभर बातमी झाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं की ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला याहून कितीतरी महाग कर्ज घ्यावं लागतं. तो मुद्दा रास्तच होता आणि आजही आहे. मला मात्र त्या दीडशे गाड्यांच्या पुढच्या आयुष्याची उत्सुकता जास्त. बातमी पहिल्या मालकाची होते. पाचसात वर्षांनी पहिला मालक नवं मॉडेल घेतो आणि जुनी गाडी एखाद्या एजंटाच्या आवारात उभी राहते. तिथून पुढचं कुणी छापत नाही.

दुसरा ओघ दिल्लीचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यानंतर तिथल्या मोठमोठ्या डिझेल गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन मिळेल त्या किमतीला इतर राज्यांत निघाल्या. गाडी धडधाकट, पण तिचं गाव तिला ठेवून घेईना. तिसरा ओघ पुराचा, आणि तो सगळ्यात घातक. मुंबईत २६ जुलै २००५ ला बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून कुठे कुठे विकल्या गेल्या, हे त्या काळात गाड्यांच्या धंद्यात असलेली माणसं अजून सांगतात. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत तेच झालं. अशा गाड्यांत संगणकाचे डबे सीटखाली, गालिच्याखाली बसवलेले असतात. पाणी ओसरतं, पण वायरींच्या सांध्यांत हिरवा गंज धरतो आणि वर्षा-दोन वर्षांनी गाडी एकेक अवयव सोडू लागते.

धुळ्याचे एक उस्ताद गाडी बघायला गेले की बोनट उघडत नाहीत. आधी मागच्या सीटचा पट्टा धरून शेवटपर्यंत ओढतात. पट्ट्याचं जे टोक कधीच बाहेर येत नाही, तिथपर्यंत. गाडी बुडालेली असेल तर तिथे मातीची एक रेघ असते. विकणारा गालिचे बदलतो, सीट धुतो, अत्तर मारतो. पट्ट्याचं टोक धुवायचं त्याला सुचत नाही. त्या बोटभर रेघेवरून उस्तादांनी कितीजणांचे पैसे वाचवले असतील. मावसभावाच्या गाडीचा पट्टा स्वच्छ निघाला होता. ती पाण्यात गेलेली नव्हती, चांगल्या घरची होती. तरीही जे व्हायचं ते झालं, म्हणून ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

मे महिना. जळगावात पारा पंचेचाळीसच्या पुढे. एका लग्नाला आम्ही धुळ्याकडे निघालो होतो. एरंडोल मागे पडलं आणि पारोळ्याच्या अलीकडे गाडीच्या पडद्यावर लाल खूण उमटली. मावसभावाने लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, हे त्याचं शहाणपण. तापमानाचा काटा तोवर दिसलाच नव्हता, कारण या जातीच्या बऱ्याच गाड्यांत तो नसतोच. ज्यांच्यात असतो त्यांच्यातही तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. पाणी ऐंशी अंशांवर असो की एकशेपाच, मालकाच्या जिवाला घोर नको म्हणून. काटा हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. बोनट उघडला तर कूलंटच्या टाकीच्या जोडावर केसाएवढी चीर, आणि गोडसर वास.

त्या चिरेपाशी मी फार वेळ उभा होतो. टाकी प्लॅस्टिकची. इंजिन तापलं की आतल्या पाण्यावर दाब येतो, दाबामुळे पाणी शंभराच्या पुढेही उकळत नाही, आणि तो दाब त्या प्लॅस्टिकला सोसावा लागतो. रोज तापणं, रोज थंड होणं. आठदहा वर्षांत प्लॅस्टिक ठिसूळ होतं. म्युनिक-स्टुटगार्टच्या हवेत होतं तसं इथेही होतंच, पण आमच्या वैशाखात लवकर होतं. टाकी दहा-बारा हजारांची. पण ती फुटल्याचं कळलं नाही आणि माणूस दहा किलोमीटर तसाच गेला, तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि बिल तीन-चार लाखांवर पोहोचतं.

तिथून गाडी धुळ्याला न्यायची कशी, हा पुढचा प्रश्न. रस्त्यावरच्या एका भल्या माणसाने ट्रॅक्टर आणला, दोरही आणला. नको म्हणावं लागलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी टोचन करून ओढली की चाकं गिअरबॉक्सला फिरवतात आणि आत तेल फिरत नाही. धुळ्यापर्यंत ओढली असती तर कूलंटच्या गळतीपायी गिअरबॉक्स गेला असता. म्हणून गाडी आख्खी उचलून नेणारा सपाट ट्रक धुळ्याहून बोलवावा लागला. लग्न हुकलं. पंक्तीत बसायच्या वेळी आम्ही उस्तादांच्या शेडमध्ये होतो.

उस्तादांची शेड मुंबई-आग्रा रस्त्याच्या बाजूला. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही रस्ते धुळ्यात भेटत असल्याने नादुरुस्त गाडी म्हणजे काय हे त्या गावाला पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. उस्तादांनी ट्रकांच्या इंजिनावर हात बसवला, मग जिपा, मग या गाड्या. आता पान्यांच्या पेटीशेजारी त्यांचा लॅपटॉप असतो. वायर जोडली की गाडी आपले दोष आकड्यांत सांगते. पण ते म्हणाले, कोडवर विसंबून भाग बदलणारा मिस्तरी आपला नाही. कोड सांगतो की दुखतंय. का दुखतंय ते हाताने शोधावं लागतं. त्यांनी खालचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि मावसभावाला वाकायला लावलं. गिअरबॉक्सच्या तळाशी काळपट ओल होती.

"हे तेल कधी बदललं, शेठ?"

मावसभावाने सर्व्हिसची वही दाखवली. पहिल्या मालकाची सगळी बिलं होती. त्यात गिअरबॉक्सच्या तेलाची नोंद नव्हती, कारण कंपनीच्या पुस्तकात तेल 'आयुष्यभरासाठी' भरलंय असं लिहिलेलं. अशा कितीतरी गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीचीच झेडएफ कंपनी मात्र ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरवर किंवा आठ वर्षांनी तेल बदलावं म्हणते. मग हे आयुष्य कुणाचं धरलेलं? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि मला वाटतं ते पहिल्या मालकाचं. या गाड्या ज्या देशात कल्पिल्या जातात तिथे त्यांतल्या बऱ्याच नव्याने कंपन्यांच्या नावावर, तीन वर्षांच्या भाडेकरारावर जातात. हमीही मोजक्याच वर्षांची. पंचवीस-तीस हजार किलोमीटरवर इंजिनचं तेल, असा त्यांचा हिशेब. थंड हवेतल्या, लांब पल्ल्याच्या, धूळ नसलेल्या रस्त्यावर तो चुकीचाही नाही. कारखान्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे रावेरचा केळीवाला नसतो, पारोळ्याचं ऊन नसतं, जिनिंगच्या आवारातली कपाशीची पिंजण नसते. दुसऱ्या मालकासाठी गाडी कुणी बनवलेलीच नाही. ती त्यालाच आपल्यासाठी पुन्हा घडवून घ्यावी लागते, आणि दुरुस्तीच्या बिलात खरी रक्कम त्या घडवण्याची असते.

इंधनाचंही तसंच झालं. २०१० मध्ये मुंबई-पुण्यासारख्या १३ शहरांत बीएस-४ चं डिझेल आलं, त्यात गंधक ५० पीपीएम. बाकी देशाला बीएस-३, म्हणजे ३५०. देशभर एकच बीएस-४ इंधन मिळायला एप्रिल २०१७ उजाडला. मुंबईत घेतलेली गाडी आपल्या भागात येऊन कोणतं डिझेल प्यायली, याची नोंद कुठल्याच वहीत नसते. ती नोंद धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये डांबरासारख्या काजळीच्या रूपाने सापडते.

त्या दिवशी उस्तादांनी टाकी, थर्मोस्टॅट, पाण्याच्या दोन नळ्या, गिअरबॉक्सचं तेल आणि तेलाचं पॅन असा अंदाज दिला. पॅन कशाला, तर गिअरबॉक्सचा फिल्टर त्या प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला, वेगळा मिळत नाही. सगळे मिळून साठ हजारांच्या पुढे. मावसभाऊ गप्प. उस्ताद धुळ्याचेच, अहिराणीत म्हणाले, "भाऊ, गाडी लेनं सोपं शे, पोसनं अवघड शे." त्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी चहा मागवला आणि शेजारी बसून पुढच्या तीन वर्षांत काय काय निघेल ते एकेक करून सांगितलं. मी ते कागदावर लिहून घेतलं. इंजेक्टर, एकेक चाळीस-पन्नास हजारांचा. पुढचे लोअर आर्म आणि बुश, आपल्या रस्त्यांमुळे दर दोन वर्षांनी. टर्बोची नळी. आणि चेन, चेनवर येतो.

रस्त्यांचं मात्र आधी सांगायला हवं. फागणे ते तरसोद या चौपदरीकरणाचं काम इतकी वर्षं रखडलं की त्या काळात जळगाव-धुळे प्रवास केलेल्या प्रत्येकाच्या कमरेला ते आठवत असेल. तिकडे अजिंठ्यामार्गे संभाजीनगरला जाणारा रस्ताही असाच उखडून ठेवला होता. साध्या गाडीच्या टायरची बाजू चांगली उंच असते, खड्ड्याचा मार ती पोटात घेते. या गाड्यांच्या टायरची बाजू चार बोटं. खड्डा थेट अलॉय रिंगवर जातो. रिंग वाकते, टायरला फुगा येतो. टायरही रन-फ्लॅट: हवा गेली तरी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाईल असा, म्हणून डिकीत स्टेपनीच नाही. जळगाव-धुळे अंतर नव्वदच्या पुढे. मुक्ताईनगर, चोपडा, शहादा असल्या वाटांवर हवा गेली तर पंक्चरवाल्याकडे तो कडक टायर रिंगवरून उतरवायचं यंत्रच नसतं. मावसभावाने शेवटी साधे टायर टाकले आणि डिकीत एक स्टेपनी बांधली. कंपनीच्या जाणकारांना ते आवडणार नाही, मला आवडलं.

एअर सस्पेन्शनच्या गाड्यांपासून मात्र मी सगळ्यांना लांब ठेवतो. मर्सिडीझच्या १९९८ च्या एस-क्लासपासून एअरमॅटिक प्रसिद्ध झालं. त्यात लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे. ते नवे असताना गाडी पाण्यावरून जावी तशी जाते. दहा वर्षांनी रबराला बारीक चिरा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालू राहतो आणि एक दिवस जळतो. सकाळी अंगणात गाडी एका कुशीवर बसलेली दिसते. एका कोपऱ्याचा खर्च कंपनीत लाखाच्या घरात. असे चार कोपरे.

आता पैशाचं मूळ. गाडीची किंमत बाजार ठरवतो आणि ती दरवर्षी पडते. सुट्या भागांची किंमत कंपनी ठरवते आणि ती चढते. म्हणजे सात लाखांच्या गाडीला भाग चाळीस लाखांच्या गाडीचे लागतात. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते विम्यात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाकिमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. नव्या गाडीचा पुढचा भाग ठेचला, दोन दिवे, रेडिएटर, बोनट, दोन एअरबॅग गेल्या, तर ती दुरुस्त होऊन घरी येते. तीच गाडी दहा वर्षांची असेल तर तेवढ्याच ठेचेत ती कागदोपत्री मरते, इंजिन ठणठणीत असतानाही. तिचे दिवे आणि दारं मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जातात आणि तिथून ट्रॅव्हल्सच्या डिकीत पार्सल होऊन जळगावला कुणाच्या तरी गाडीत बसतात. उस्ताद असे भाग बघून घेतात. काच, दार, दिवा चालेल. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग कधीच नाही. तिथे ते गिऱ्हाइकाशी भांडतात. झिजेने जे जातं त्याला विमा पैसाही देत नाही, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटर म्हणजे नाशिक किंवा संभाजीनगर, नाहीतर मुंबई, पुणे, सुरत. एका सेन्सरसाठी दोन दिवस मोडतात. म्हणून खानदेशात या गाड्या जगतात त्या उस्तादांसारख्या आठदहा माणसांच्या भरवशावर. त्यांचं कुणी कौतुक केलेलं मी पाहिलं नाही. जर्मन इंजिनाची माहिती त्यांना कुठल्या संस्थेने दिली नाही. रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघून, चुकलेल्या कामाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरून त्यांनी ती कमावली. आयटीआयमध्ये या गाड्यांचा एक जुना सांगाडा आणि एक स्कॅनर ठेवला, तर इथली पोरं पुण्याला न जाता हे काम शिकतील.

मावसभावाने गाडी विकली नाही. केळीचे पैसे आले की दर वेळी त्यातले काही बाजूला टाकतो, वर्षाचे साधारण दीड लाख. इंजिनचं तेल आठ हजार किलोमीटरवर बदलतो. उन्हाळ्याआधी कूलंट तपासतो. गाडी अजूनही तशीच पळते; लळिंगचा घाट ती ज्या सहजतेने चढते ते बघताना त्याच्या चेहऱ्याकडे बघावं.

या पावसाळ्यात मात्र सकाळी गाडी सुरू करताना मागून, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूने, साखळी घासल्यासारखा आवाज येऊ लागला. त्या काळातल्या काही जर्मन डिझेल इंजिनांत टायमिंग चेन पुढे नसते, मागे असते. तिच्यापर्यंत पोहोचायला आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. उस्तादांचा अंदाज पावणेदोन लाख, गाडीच्या आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी. मावसभावाने मला विचारलं. मी म्हटलं, कर. दिवाळीनंतर काम धरलंय, तोवर गाडी शेडमध्येच राहील. भाग मागवायची यादी मी लिहिली: दोन चेन, गाईड, टेन्शनर, मागचं ऑईल सील. उस्तादांनी यादी वाचली आणि खाली स्वतःच्या हाताने बोल्टांची ओळ वाढवली. हे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत. किंमत थोडी, म्हणून बरेचजण जुनेच परत लावतात. "बोल्ट जुने चालतील म्हणणारा कुणी भेटला," ते मावसभावाला म्हणाले, "तर गाडी तिथून उचलायची, शेठ. माझ्या शेडमधून असली तरी."